अंगण वाकडं असलं तर?

माणसाला स्वतःबद्दल चार वाक्यं सांगा म्हटलं की तो अडखळतो. शेजाऱ्याबद्दल विचारा, तासभर बोलेल. आमच्या माण तालुक्यात ही अडचण म्हणींनी कधीच सोडवलेली होती. इथं माणूस म्हणीनं ओळखला जायचा. अमका म्हणजे 'उथळ पाण्याला खळखळाट फार', तमकी म्हणजे 'काखेत कळसा नि गावाला वळसा'. सोयरीक बघायला आलेला पाहुणा पारावर बसून पोराची चौकशी करी, तेव्हा एखादा जाणता तंबाखू मळत एवढंच म्हणे, "पोरगं तसं बरं हाय, पर नव्याचं नऊ दिस." पाहुण्याला काय समजायचं ते समजायचं. चहा पिऊन तो दुपारची एसटी धरायचा.

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. 'पुढील म्हणींचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न फळ्यावर किती वेळा लिहिला त्याची गणती नाही. आता निवृत्त होऊन घरी बसलोय, तर तोच प्रश्न उलटून माझ्याकडं आलाय. वाक्यात उपयोग झाला, जगण्यात काय झाला? मी कसा माणूस आहे हे सांगायला बसलो तर तोंडात आधी म्हणीच येतात. मग त्या म्हणी मी निवडल्या, की त्यांनीच मला घडवलं? आणि ज्या मी टाकून दिल्या, त्या का टाकल्या? एवढाच हिशेब इथं मांडतोय.

पहिली म्हण अंथरुणाची. आमचं घर धाब्याचं. खाणारी तोंडं नऊ आणि जमीन साडेसात एकर, तीही पावसाच्या भरवशावरची. मी, थोरला भाऊ आणि चुलतभाऊ अशा तिघांत एक वाकळ. थंडीत पाय बाहेर गेले की आज्जी अंधारातून म्हणायची, "अंथरूण बघून पाय पसरावं, लेकरा." आम्ही पाय पोटाशी घ्यायचो. ही म्हण मी कानांनी ऐकली त्याच्या आधी गुडघ्यांनी ऐकली.

पण आज्जीचं एक होतं. दिवाळी सरली की ती जुनी लुगडी, आप्पांच्या धोतराचे धडके तुकडे काढून उन्हात बसायची आणि वाकळीला एका बाजूनं नवी पट्टी जोडायची. वीतभर. पुढच्या साली आणखी वीतभर. पोरं वाढत होती तशी वाकळही वाढत होती. ती म्हण तिनं आम्हाला अर्धीच सांगितली, उरलेली अर्धी सुईनं शिवून दाखवली.

माझा स्वभाव त्या दोन्ही अर्ध्यांचा आहे. नोकरीला लागलो तेव्हा बरोबरीच्या गुरुजींनी पतपेढीचं कर्ज काढून मोटारसायकली घेतल्या. मी बरीच वर्षं सायकलवर वस्तीच्या शाळेत गेलो. लोक चिक्कू म्हणाले, म्हणोत बापडे. पण पोरीला पुण्याला शिकायला पाठवायची वेळ आली तेव्हा मी माझ्या ऐपतीबाहेरचं कर्ज काढलं आणि रात्री शांत झोपलो. चैनीला पाय आखडायचे, शिक्षणाला पट्टी जोडायची. नुसते पाय आखडून जगणारा माणूस काटकसरी दिसतो खरा, पण पुढं पुढं त्याचे गुडघे सरळच होत नाहीत.

म्हणींचा खरा धडा मात्र मला आज्जीकडून नाही, चौथीतल्या एका पोरीकडून मिळाला. डोंगराच्या कुशीतली एकशिक्षकी शाळा. पोरं बहुतेक मेंढपाळांची. त्या दिवशी म्हण होती 'नाचता येईना अंगण वाकडे'. मी अर्थ सांगितला, की स्वतःला जमत नाही आणि दोष दुसऱ्या कशाला तरी द्यायचा. पोरांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "पर गुर्जी, अंगान खरंच वाकडं आसलं तर?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं घर मी पाहिलं होतं. टेकाडाच्या उतरणीला एक खोपट. दारात पाण्याची घागर ठेवली तर तिला खालून दगड लावावा लागायचा. तिचं अंगण खरंच वाकडं होतं. मी म्हणालो, "मग आधी अंगण सारखं करायचं, मग नाचायचं." ती खाली बसली नाही. "आन् अंगान दुसऱ्याचं आसलं तर?"

आता वर्ग गप्प झाला. त्यांचं खोपट दुसऱ्याच्या रानात होतं हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. मी तो प्रश्न वर्गालाच टाकला. एक म्हणाला, मालकाला इचारायचं. दुसरा म्हणाला, दुसऱ्या अंगणात जायचं. तिसरी म्हणाली, वाकड्या अंगणात नाचायला शिकायचं. अर्धा तास पोरं बोलत होती. त्या दिवशी पुढचा पाठ झाला नाही. माझ्या नोकरीतला तो चांगल्यातला चांगला तास होता.

त्यानंतर मला एक खोड लागली. कोणी म्हण टाकली की मी आधी बघतो, बोलणारा बसलाय कुठं. ओट्यावर की ओट्याखाली? आपल्या म्हणींत दोन्हीकडच्या आहेत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे', 'पी हळद हो गोरी', 'नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा' या बहुतेक वरून खाली बोललेल्या. ज्याची ऐपत नाही त्याला घेतलेला चिमटा. आणि 'बळी तो कान पिळी', 'कुंपणच शेत खाते', 'ज्याच्या हाती ससा तो पारधी', 'आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं' या खालून वर बोललेल्या. ज्याचं पीठ गेलं त्याच्या तोंडातून निघालेल्या. म्हणींच्या पुस्तकात मात्र त्या सगळ्या एका रांगेत बसतात. १८९९ साली आल्फ्रेड मॅनवेअरिंग नावाच्या पाद्र्यानं मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी अर्थासकट ऑक्सफर्डहून छापला. पुढं दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन भागांत आला. थोर कामं आहेत ही. ती झाली नसती तर कितीक म्हणी म्हाताऱ्यांबरोबर मसणात गेल्या असत्या. पण पुस्तकात म्हण येते ती तोंडाविना येते. ती कोण कुणाला म्हणालं, हे आपल्याला गावातच शोधावं लागतं.

'दुष्काळात तेरावा महिना' हीच म्हण घ्या. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. ते अंतर मिटवायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. आधीच कणगी रिकामी, त्यात बारा महिन्यांचं धान्य तेरा महिने पुरवायचं. हा झाला घरधन्याचा अर्थ. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. तेव्हा ज्याच्या घरी लेकी जास्त त्याचा अर्थ आणखी वेगळा. आणि आमच्या भावकीत एक सालगडी होता, त्याचा अर्थ तिसराच. साल पाडव्याला ठरायचं. इतक्या पायल्या ज्वारी, दोन धोतरं, एक घोंगडं, पायताणाचा जोड आणि थोडी रोकड. पाडवा ते पाडवा. मधे अधिक महिना आला तर राबायचे महिने तेरा, मिळायचं मात्र तेवढंच. तो एकदा आप्पांना म्हणाला, "आप्पा, तुमचा तेरावा म्हैना दुष्काळात येतो. आमचा सुकाळातबी येतो." आप्पांनी मान खाली घातली. पुढच्या अधिकाच्या साली त्यांनी भावकीत बोलून त्याला एका महिन्याची ज्वारी जादा द्यायला लावली. कायदा नव्हता, करार नव्हता. एका माणसानं म्हण आपल्या बाजूनं वाचून दाखवली आणि दुसऱ्याला ती ऐकू आली, एवढंच.

२०२३ साली ही म्हण अक्षरशः खरी झाली. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, आणि तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबर संपता संपता राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पारावर बसून सगळे जण तीच म्हण म्हणत होते. मला त्या सालगड्याची आठवण झाली. तो आता नाही.

दुसरी म्हण माझ्या अंगात मुरली ती १९७२ च्या दुष्काळात. मी चौदा वर्षांचा. विहिरीचा तळ भेगाळलेला. सगळा तालुका दुष्काळी कामावर. रस्त्याची खडी, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. ज्यांच्या दारात दोन दोन बैलजोड्या त्यांच्याही सुना पदर पुढं ओढून खडी फोडायला बसल्या. शाळेत सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना आज्जी नाक मुरडायची आणि मग मुकाट्यानं खायची. माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा सतरा वर्षांची. ती रोज उन्हातान्हात खडीवर जायची. तिच्या हजेरीच्या पैशातून आप्पांनी कडबा घेतला आणि आमची बैलजोडी बाजारात जायची वाचली. गावातल्या कितीतरी दावणी त्या साली मोकळ्या झाल्या. आमची राहिली ती आक्काच्या हातांवर उठलेल्या फोडांमुळं.

त्या दिवसांत आज्जी सारखं म्हणायची, "सुपातलं हसतंय, जात्यातलं रडतंय. सुपाला ठावं न्हाई, म्होरली मूठ त्याचीच." मला ही म्हण फार खरी वाटते. दुसऱ्याच्या पडण्याला मी हसत नाही, त्याचं मूळ इथं आहे. तरी म्हातारपणी तिच्याशी माझं थोडं भांडण झालंय. ही म्हण कळवळा शिकवते, पण भीती घालून शिकवते. उद्या तुझीही पाळी येईल म्हणून आज हसू नको, असं सांगते. मग ज्याची पाळी कधीच येणार नाही, ज्याची मूठ जात्यात पडणारच नाही, त्यानं खुशाल हसावं का? दुसऱ्या बाजूला 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण आहे. ती म्हणते, ज्याचं जळत नाही त्याला कळणारच नाही. दोन्ही खऱ्या मानल्या तर परक्याच्या दुःखाकडं जायला वाटच उरत नाही.

वाट आज्जीनंच दाखवली होती, पण बोलून नाही. त्या साली ओढ्याकाठी उतरलेल्या एका परमुलखातल्या कुटुंबाला ती आपल्या वाट्याची अर्धी भाकरी द्यायची. ती माणसं परत कधी भेटणार नव्हती, तिच्या उपयोगी पडणार नव्हती. आप्पा म्हणाले, "आये, आपल्यालाच पुरंना." ती म्हणाली, "त्येंचं रडनं हितवर ऐकू येतं, मला घास जात न्हाई." बस्स. पुढच्या मुठीचा हिशेब नाही, पुण्याचा नाही. ऐकू येतं, म्हणून. सुपात बसूनही जात्याचा आवाज ऐकू यावा, एवढं माणसाला जमलं तरी पुष्कळ.

आता म्हणींच्या लबाडीबद्दल. म्हणी एकमेकींना खोडतात हे मला शिकवताना रोज दिसायचं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणून गप्प बसता येतं आणि 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' म्हणून उघडही करता येतं. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीसाठी श्रमदान करायचं ठरत होतं. ज्याला टाकी हवी तो म्हणाला, "गाव करील ते राव काय करील." ज्याच्या घरी बोअर होती तो म्हणाला, "आपला हात जगन्नाथ, ज्यानं त्यानं आपलं बघावं." दोघांनाही टाळ्या पडल्या. दोन म्हणी खिशात ठेवल्या की कुठलंही काम करता येतं आणि कुठलंही टाळता येतं. आधी मनात ठरतं, मग तोंडात म्हण येते.

शेतकीच्या म्हणींचं तसं नाही. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हटलं, तर पाऊस त्याच साली खरं-खोटं करून टाकतो. आमच्याकडं मृगापेक्षा उत्तरा-हस्ताचा पाऊस भरवशाचा, हे इथल्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या तपासलेलं आहे. आता कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेही तपासूनच सांगतं. पेरणीच्या म्हणीला पाऊस तपासतो. माणसाबद्दलच्या म्हणीला कोण तपासणार? ते काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

शिवाय काही म्हणींचं सामानच गेलं. 'बैल गेला नि झोपा केला' म्हटलं की शहरातलीच काय, गावातलीही पोरं समजतात की बैल गेला आणि धनी झोपला. झोपा म्हणजे गोठ्याचं दार, काठ्यांचं नि फांद्यांचं, हे सांगावं लागतं. शेर गेला, सव्वाशेर गेला. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आहे, पण आड बुजलेत आणि पोहरा दाखवायला मिळत नाही. पाणी टँकरनं येतं. तरी म्हण मरत नाही. तिच्यातला आड गेला तरी 'मुळातच नाही' हा चटका राहतो. अवजारं जातात. दुःख जुनंच राहतं, तेव्हा म्हणही चालते.

आता जी म्हण मी टाकून दिली तिच्याकडं येतो. 'लेक म्हणजे परक्याचं धन.' आमच्या घरी ही म्हण प्रेमानं म्हणायचे. आज्जी आक्काचे केस विंचरताना म्हणायची, आई तिला ताटात जास्तीचं तूप वाढताना म्हणायची. परकं धन आहे, जपायला हवं. पण प्रेमानं बोललेली म्हणसुद्धा पुढं कागदावर उतरते.

आप्पा २०११ साली गेले. आई त्याआधीच गेली होती. वारस म्हणून सातबाऱ्याला तीन नावं लागली, आक्काचं, थोरल्याचं आणि माझं. दहावा-तेरावा आटपला तशी भावकी म्हणू लागली, आता आक्काकडनं हक्कसोड करून घ्या. आमच्याकडं ते रीतीनं ठरलेलं. बहिणीनं निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा किंवा सही करायची, भावांनी साडी-चोळी करायची, आणि दर दिवाळीला तिनं माहेरी यायचं. कायदा केव्हाच बदललाय. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतकाच वाटा मिळाला. पण कायदा तालुक्याच्या गावापर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत त्याला कोणी बोलवावं लागतं.

थोरला म्हणाला, "लेक परक्याचं धन. ते एकदा दिलं लगीन लावून. आता पुन्यांदा द्यायचं?"

मी म्हणालो, "त्या परक्या धनानं बहात्तर साली खडी फोडली म्हणून आपली बैलं राहिली. बैलं राहिली म्हणून जमीन राहिली."

त्याचं म्हणणंही पोकळ नव्हतं, हे इथं सांगायलाच हवं. मी नोकरीला गेलो, पगार घेतला. चाळीस वर्षं त्या मातीत तो राबला. विहीर त्यानं खोल नेली, बांध त्यानं घातले. 'कसेल त्याची जमीन' हेही त्याच्या बाजूनं बोलणारं वाक्य. राबणाऱ्याचा हक्क मोठा की रक्ताचा? आणि रक्ताचाच असेल तर लेकीचं रक्त पातळ का? हा प्रश्न मला कुठल्याही म्हणीनं सोडवून दिला नाही.

आक्का आली. दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला जमीन नगं. माह्यार ऱ्हाऊ दे." भावकी खूश झाली. पण मला त्या वाक्यानं फार लागलं. आम्हा दोघा भावांना हे घर आपलं राहावं म्हणून कशावर सही करावी लागली नाही. तिलाच माहेरची किंमत अडीच एकर का? मी तिला एवढंच म्हणालो, "माहेर राहीलच, मी आहे तोवर तरी. तुझं नाव सातबाऱ्यावर राहू दे. मालकीण म्हणून पुढं तुला द्यायचं तर दे, ठेवायचं तर ठेव. पर माहेराच्या धाकानं सही करू नको. आणि तुझ्या वाट्यातलं एक गुंठाही मी माझ्या नावावर घेणार नाही." तिनं बराच वेळ पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे तर मग नाव."

थोरला अडीच वर्षं माझ्याशी बोलला नाही. एकाच घराच्या दोन दारांतून आम्ही ये-जा करायचो. गावानं त्याच्याही म्हणी केल्या. कोणी म्हणालं, 'घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं'. कोणी म्हणालं, मास्तराला पगार आहे, त्याला उदार व्हायला काय जातंय. हे दुसरं मला बोचलं, कारण त्यात तथ्य होतं. ज्याचं पोट जमिनीवर नाही त्याला न्याय स्वस्त पडतो. पण स्वस्त पडला म्हणून तो न्याय नव्हे असं होत नाही. ज्याला परवडतं त्यानं तरी तो करावा.

मग आक्कानंच मार्ग काढला. तिनं आपला वाटा थोरल्याला अर्धेलीनं कसायला दिला. जमीन तिची, राबणूक त्याची, पीक निम्मं निम्मं. माझ्या पुस्तकी डोक्याला जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं. तिनं रक्ताचा हक्कही ठेवला आणि घामाचाही. पहिल्या सुगीला थोरला दोन पोती शाळू टेम्पोत टाकून तिच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "परक्याचं धन पोच कराया आलोय." आक्का उंबऱ्यात उभी होती. पोती उतरवून घेतली, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मोजून घेते हां."

'मोजून घेते' हे मला फार आवडलं. माया होती, पण हिशेबही होता. बहीण म्हणून ती रडली आणि मालकीण म्हणून तिनं पायलीनं मोजलं. थोरला नंतर माझ्याशी बोलू लागला, पण जमिनीचा विषय आम्ही दोघं अजून काढत नाही. सगळंच काही निवळत नाही.

तर मी कसा माणूस आहे? 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण मला लागू नाही. मी वाकतो, पण काही ठिकाणी वाकत नाही आणि ती ठिकाणं मोजकी आहेत. 'देखल्या देवा दंडवत' मला जमलं नाही, त्यामुळं बदल्या आडवळणी गावांनाच झाल्या. त्या सगळ्या गावांनी मला 'पळसाला पाने तीनच' शिकवलं. कुठंही जा, माणूस तोच. हेवा तोच, पाहुण्यापुढं ठेवलेला गूळ-पाण्याचा तांब्या तोच. पण या म्हणीपासूनही सावध राहावं लागतं. पानं सगळीकडं तीनच म्हणत आपण गावातलं वाईट खपवून घेऊ लागतो. फाल्गुनात त्याच पळसाला केशरी फुलं येतात. त्यांची म्हण कोणी केली नाही, एवढंच.

म्हणीचा वापर मी आता वैद्याच्या चिमटीसारखा करतो. कुणाला, केव्हा आणि किती, हे बघून. स्वतःला लावायची असेल तर कडक घ्यावी. दुसऱ्याला लावायची असेल तर आधी त्याचं अंगण बघून यावं. त्याला नाचता येत नाही, की जमीनच उताराची आहे? आणि उताराची असेल तर ती कुणाच्या नावावर आहे? त्या पोरीचे दोन प्रश्न मी अजून बरोबर घेऊन हिंडतो. ती पोरगी चौथीनंतर मेंढरांमागं गेली की शिकली, मला कळलं नाही. तिचे आईबाप दुसऱ्या रानात गेले.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून नात आली होती. आमच्याकडं वीज दुपारची जाते. ती मोबाइल बघत बसली होती आणि तो बंद पडला. मी सवयीनं म्हणालो, "अंथरूण पाहून पाय पसरावे." ती म्हणाली, "आजोबा, असं नसतं. चार्जिंग बघून व्हिडिओ लावावा." मी हसलो. म्हटलं, बरोबर आहे, पण अर्धीच म्हण झाली. तिनं जरा विचार केला. "आणि वीज असेल तेव्हा पॉवर बँक भरून ठेवावी."

तिनं आज्जीची वाकळ कधी पाहिलेली नाही.